न्यूटनला दिवसाउजेडी गाडी द्या : कॅन्ससच्या विधिमंडळाला खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य, कॅन्सस राज्य विधिमंडळ
आणि राज्य परिवहन खाते, टोपेका

स. न. वि. वि.

शिकागोहून आमचं कॅन्ससमधलं न्यूटन गाव, विचिटा, ओक्लाहोमा सिटी, फोर्ट वर्थ करत ह्यूस्टनला जाणारी लोन स्टार ही गाडी ऑक्टोबर १९७९ मध्ये बंद झाली. त्या दिवसापासून न्यूटनहून दक्षिणेला प्रवासी गाडी गेलेली नाही. ती पुन्हा सुरू करण्यासाठी अभ्यास झाले, आराखडे झाले, खर्चाचे अंदाज झाले, सुधारित अंदाज झाले. आताचा बेत ओक्लाहोमा सिटी-फोर्ट वर्थ धावणारी गाडी न्यूटनपर्यंत वाढवण्याचा आहे. हे सगळे कागद एकावर एक रचले तर आमच्या स्टेशनच्या फलाटापेक्षा उंच होतील, आणि आमचा फलाट तसा बुटकाच आहे. गाडी मात्र आलेली नाही. आता पुन्हा एकदा ‘विचार चालू आहे’ असं ऐकून गप्प बसणं जमत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्हाला इंग्रजीत लिहिलेलं पत्र रीतसर टपालाने गेलं आहे. इथे मराठीत लिहिते आहे कारण विचिटात विमान कारखान्यांत, इस्पितळांत आणि विद्यापीठात आपली मराठी माणसं आहेत, त्यांनाही मत आहे, निदान आवाज तरी आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना चाळीसेक किलोमीटरवरच्या न्यूटनबद्दल ‘तिथे रात्री तीनला गाडी येते म्हणे’ एवढंच माहीत आहे.

माझा या सगळ्याशी संबंध काय? मी न्यूटनमध्ये राहते आणि विचिटात फार्मसिस्ट आहे. मूळची कुर्डुवाडीची. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली आमच्या गावातून सुटली, आणि आजोबा तिच्या वर्कशॉपात फिटर होते. न्यूटनमध्ये घर बघायला आले तेव्हा एजंटबाईंनी जरा अपराधी आवाजात सांगितलं की इथे रात्रभर मालगाड्यांचा आवाज येतो. मला तेवढ्यावरच घर पसंत पडलं. तेव्हा मी कोणी तटस्थ अभ्यासक नाही हे आधीच सांगून टाकते. पण पुढे जे मांडते आहे त्याला माझ्या आवडीनिवडीचा आधार नाही, या गावाच्या हिशोबाचा आहे.

पहिला मुद्दा त्या हिशोबाचाच. रेल्वेचा विषय निघाला की राजधानी टोपेकात कोणीतरी उठून विचारतं, करदात्याने गाडी का पोसायची? सन्माननीय सदस्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास काढून बघावा. सायरस हॉलिडे यांनी १८५९ मध्ये ज्या रेल्वेची सनद मिळवली, ती सांता फे कंपनी नुसत्या खाजगी पैशावर उभी राहिली नाही. १८६३ मध्ये अमेरिकी संसदेने रूळ टाकण्याच्या बदल्यात जमीन देऊ केली आणि कॅन्ससमध्ये कंपनीच्या पदरात सुमारे ३० लाख एकर जमीन पडली. (ती जमीन त्याआधी कोणाची होती, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. ओसेज आणि कॉ या मूळ रहिवासी जमातींना कोणी खुलं पत्र लिहायलाही वेळ दिला नाही.) आणि न्यूटन-विचिटा हा फाटा तर सरळसरळ लोकांच्या खिशातून झाला. सेजविक काउंटीच्या मतदारांनी १८७१ मध्ये २ लाख डॉलरचे रोखे मंजूर केले, तेव्हा कुठे मे १८७२ मध्ये विचिटाला इंजिन पोचलं. त्या वेळी विचिटा म्हणजे काही दुकानं, काही गुत्ते आणि बाकी माळरान. त्या लोकांनी स्वतःवर कर्ज चढवून हा रस्ता विकत घेतला. त्यांच्या पणतवंडांना आज त्याच रुळांवरून प्रवास करता येत नाही, आणि वर त्यांनाच फुकटे ठरवलं जातं.

दुसरा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे तो लांबेल. तुमच्या कागदांवर न्यूटन हे ‘प्रस्तावित मार्गाचं उत्तर टोक’ असतं. टोकाला माणसं राहत नाहीत असा त्या भाषेचा सूर असतो. माणसं राहतात. २०२० च्या जनगणनेत १८,६०२ होती. आणि ती बहुतेक सगळी, किंवा त्यांचे पूर्वज, रेल्वेनेच इथे आलेली आहेत.

गाव जन्मलं जुलै १८७१ मध्ये, रूळ इथवर आले म्हणून. नावसुद्धा रेल्वेच्या भागधारकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या गावावरून दिलं. चिझम ट्रेल या गुरांच्या वाटेने टेक्सासहून हाकत आणलेली गुरं डब्यांत भरण्याचं ठिकाण म्हणून पहिला एकच हंगाम गाजला, आणि त्या एका हंगामात ऑगस्टमध्ये नाचघरात झालेल्या गोळीबाराने गावाला रक्ताळलेलं न्यूटन असं नाव पडलं. पुढच्या वर्षी रूळ विचिटाला गेले, गुरंही गेली, गुराखीही गेले. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकांना हाच एक हंगाम फार प्रिय असतो. मला त्यात गोडी नाही. गाव घडलं ते त्यानंतर.

१८७४ मध्ये रशियाच्या दक्षिण भागातून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं आली. सांता फे कंपनीला एवढी जमीन विकायची होती, गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून तिने या शांतताप्रिय, शस्त्र न उचलणाऱ्या जर्मनभाषक शेतकऱ्यांना बोलावलं आणि पहिला हिवाळा काढायला लांबलचक निवारे बांधून दिले. त्यांच्याबरोबर टर्की रेड जातीचा कठीण दाण्याचा, थंडीत तग धरणारा गहू इथे रुजला. बर्नहार्ड वॉरकेंटिन यांनी त्या गव्हाचं बियाणं आणि गिरण्या यांत आयुष्य घातलं. १९०८ मध्ये परदेशी फिरायला गेले असताना आगगाडीच्या डब्यात दुसऱ्याच्या पिस्तुलातून चुकून सुटलेल्या गोळीने ते गेले. त्यांचं घर आजही न्यूटनमध्ये उभं आहे, बघायला मिळतं. कॅन्ससला गव्हाचं राज्य म्हणून मिरवता येतं त्यात या स्टेशनावर उतरलेल्या बोचक्यांचा वाटा आहे. १८८७ मध्ये याच लोकांनी बेथेल कॉलेज काढलं. आणि आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, त्यांच्याच पंथाच्या मिशनने १९०० च्या दुष्काळानंतर चांपा आणि जांजगीर भागात दवाखाने, शाळा, कुष्ठधाम चालवलं. तो मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. त्या पंथाचं मुख्य कार्यालय पुढे अनेक वर्षं न्यूटनच्या मेन स्ट्रीटवर होतं. मी ‘इंडियाची’ म्हटल्यावर इथल्या एका आजींनी मला पहिला प्रश्न ताजमहालाचा न विचारता चांप्याचा विचारला होता.

फ्रेड हार्वी यांच्या उपाहारगृहांबद्दलही बोललं जातं. सांता फेच्या मार्गावर प्रवाशांना लिननच्या टेबलक्लॉथवर गरम जेवण देणारी ती साखळी. न्यूटनला तिची खानावळ तर होतीच, पण सगळ्या मार्गाला दूध आणि अंडी पुरवणारी डेअरी आणि शेतीही इथेच होती. आमच्या काउंटीचं नाव हार्वी आहे ते मात्र त्यांच्यावरून नाही, जेम्स हार्वी या गव्हर्नरवरून. इथे राहणाऱ्यांपैकी निम्म्यांचा यात घोळ होतो.

पण ज्यांची नावं माहितीपत्रकांत सर्वांत कमी येतात त्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, आणि मेक्सिकोत क्रांतीची धामधूम सुरू झाल्यावर तर मोठ्या संख्येने, मेक्सिकन गँगमन इथे आले. स्लीपर बदलणं, खडी टाकणं, उन्हात रूळ सरळ करणं ही कामं त्यांच्याकडे. राहायला कंपनीच्या जागेत जुने मालडबे, नाहीतर रुळांलगतच्या चाळवजा खोल्या. चित्रपटगृहात वेगळी बसण्याची जागा, पोहण्याच्या तलावावर मज्जाव, हे कॅन्ससच्या कितीतरी रेल्वेगावांत चाललं. शहराच्या संघांत खेळू देत नाहीत म्हणून त्यांनी आपले बेसबॉल-सॉफ्टबॉलचे संघ काढले. न्यूटनची मेक्सिकन-अमेरिकन फास्टपिच सॉफ्टबॉल स्पर्धा दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. टेक्सास, ओक्लाहोमात पांगलेली नातवंडं त्या निमित्ताने गावी येतात. ती येतात मोटारीने. ज्यांच्या आजोबांनी ओक्लाहोमापर्यंतचे रूळ हाताने सांभाळले त्यांना त्या रुळांवरून घरी यायची सोय नाही. ‘मार्गाच्या उत्तर टोकावरील अपेक्षित मागणी’ मोजताना तुमच्या सल्लागारांनी ही माणसं मोजली का, हा माझा साधा प्रश्न आहे.

तिसरा मुद्दा आज जे काही चालू आहे त्याचा. शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या दरम्यान धावणारी साउथवेस्ट चीफ ही एकच गाडी कॅन्ससमध्ये उरली आहे. लॉरेन्स, टोपेका, न्यूटन, हचिन्सन, डॉज सिटी, गार्डन सिटी अशा सहा ठिकाणी ती थांबते, आणि सगळीकडे रात्रीबेरात्री. न्यूटनला दोन्ही दिशांच्या गाड्या पहाटे अडीच-तीनच्या सुमारास येतात. हिवाळ्यात, वाऱ्यात, कडेवर मूल आणि हातात दोन बॅगा घेऊन त्या वेळी स्टेशनवर उभं राहून बघा, मग ‘प्रवाशांचा प्रतिसाद मर्यादित’ हे वाक्य लिहा. दक्षिणेकडे जायचं तर एप्रिल २०१६ पासून न्यूटन-विचिटा-ओक्लाहोमा सिटी अशी जोडबस आहे. नसल्यापेक्षा बरी. पण तिचीही वेळ त्या रात्रीच्या गाडीला बांधलेली, त्यामुळे विचिटातल्या माणसाला तीसुद्धा झोपमोड करूनच गाठावी लागते. जवळजवळ ४ लाख वस्तीच्या विचिटाला १९७९ पासून एकही प्रवासी गाडी नाही. तिथे तयार होणारी बोइंग ७३७ विमानांची धडं रेल्वेवरून पार वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटनपर्यंत जातात. विमान आगगाडीने जातं, ते बनवणारा कामगार जात नाही.

विद्यापीठात नव्याने आलेली आपली मुलं या सगळ्यात सर्वांत जास्त भरडली जातात, कारण त्यांच्याकडे मोटार नसते, बहुतेकांकडे परवानाही नसतो. डॅलसला मामा आहे, फोर्ट वर्थला मैत्रीण आहे, सुट्टी आहे, पैसेही आहेत, पण जायचं कसं? शेवटी कोणाच्या तरी गाडीत पाचवा म्हणून कोंबून घेतलं जातं. हीच गत म्हाताऱ्यांची. माझ्या दुकानात औषध घ्यायला येणारे कितीतरी जण आता महामार्गावर गाडी चालवत नाहीत, चालवू नये असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. ओक्लाहोमा सिटीत मुलगी आहे, सुमारे १६० मैलांवर, आणि वर्षातून एकदा भेट होते. हे लोक कोणत्याही सुनावणीला येत नाहीत. येणार कसे, तोच तर प्रश्न आहे.

चौथा मुद्दा थोडक्यात. जे आहे तेही टिकेल याचा भरवसा कोणी वाटू देत नाही. २०१८ मध्ये डॉज सिटी ते अल्बुकर्की हा चीफचा टप्पा गाळून तिथे बस चालवायचा घाट ॲमट्रॅकने, म्हणजे देशभर प्रवासी गाड्या चालवणाऱ्या कंपनीने, घातला होता. कॅन्सससह तीन राज्यांतल्या लोकप्रतिनिधींनी, दोन्ही पक्षांच्या, जोर लावला तेव्हा संसदेने पैसे बांधून दिले आणि तो बेत मोडला. याचं श्रेय देते, मनापासून. पण ऑक्टोबर २०२० मध्ये महासाथीचं कारण देऊन रोजची गाडी आठवड्यातून तीन दिवसांवर आली, ती पुन्हा रोजची व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. दक्षिणेला ओक्लाहोमा सिटी-फोर्ट वर्थ धावणारी हार्टलँड फ्लायर, जी वाढवून न्यूटनपर्यंत आणायची आहे, तिची अवस्था याहून नाजूक. २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने आपला वाटा दिला नाही आणि उत्तर टेक्सासच्या प्रादेशिक संस्थेने पैसे काढून ती तात्पुरती वाचवली. ज्या गाडीची आपण वाट बघतो आहोत तीच बंद पडली तर वाढवणार काय?

आणि आता तुमच्या दारातला मुद्दा. २००८ च्या संघीय कायद्याने ७५० मैलांपेक्षा कमी अंतराच्या गाड्यांचा खर्च राज्यांनी उचलायचा आहे. इलिनॉय उचलतं, मिझुरी उचलतं, ओक्लाहोमा उचलतं. कॅन्ससच्या पैशाने चालणारी एकही गाडी नाही. २०२१ मध्ये ॲमट्रॅकने आपल्या देशव्यापी आराखड्यात न्यूटनपर्यंतची ही वाढ दाखवली. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय रेल्वे प्रशासनाने हा मार्ग प्रवासी मार्गांच्या विकासासाठीच्या आपल्या कॉरिडॉर कार्यक्रमात निवडला. गावात लोक खुश झाले होते. बेकरीत दोन म्हातारे रेल्वेवाले लोन स्टारच्या जेवणडब्याबद्दल इतक्या रंगात येऊन बोलत होते की मी कॉफी संपूनही बसून राहिले. त्यांतला एक आता नाही. अर्ज करणं हे काम परिवहन खात्याने केलं, नीट केलं, ते मान्य. पण केंद्राचा पैसा नियोजनाला आणि बांधकामाला मिळतो, रोज गाडी चालवायला राज्याची स्वतःची कायम तरतूद लागते. तिच्याबद्दल टोपेकात स्पष्ट ‘हो’ कोणी म्हणत नाही आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणायचीही कोणाची तयारी नाही.

अडचणी आहेत, मला दिसतात. रूळ बीएनएसएफ कंपनीचे आहेत, मालगाड्यांची रहदारी दाट आहे, सायडिंग वाढवावी लागतील, सिग्नल सुधारावे लागतील, कंपनी त्याचे पैसे मागणार. पण हे सगळं तुम्हाला आणि मला गेली कित्येक वर्षं ठाऊक आहे. त्यासाठी नवीन अहवाल लागत नाही. आणि तोट्याचं म्हणाल तर महामार्ग दर हिवाळ्यात बर्फाने फुटतात आणि दर उन्हाळ्यात बुजवले जातात, त्याचा नफा-तोटा मी आजवर विधिमंडळात कोणी मांडलेला ऐकला नाही.

म्हणून मागण्या, शक्य तितक्या स्पष्ट :

न्यूटन-विचिटा-ओक्लाहोमा सिटी गाडी चालवण्यासाठी राज्याच्या अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूद करावी. एकरकमी नको, अभ्यासाच्या नावाखाली नको. तुमचं मत विरोधात असेल तर तसं मतदान करा, नोंद होऊ द्या. आम्ही निवडणुकीत ती नोंद वाचू.

ओक्लाहोमा आणि टेक्सासबरोबर तीन राज्यांचा लेखी करार करावा, म्हणजे एका राज्याने हात आखडला की सगळी गाडी अडणार नाही. हार्टलँड फ्लायर जिवंत ठेवायला कॅन्ससने आत्ताच थोडा भार उचलावा लागला तर तो उचलावा.

गाडीची वेळ दिवसाची असावी. न्यूटनहून सकाळी निघून त्याच दिवशी फोर्ट वर्थ, आणि उलट. रात्री तीनची जोडगाडी म्हणून ती चालवणार असाल तर पाच वर्षांनी प्रवासी नाहीत म्हणून बंद करायला तुम्हीच मोकळे.

रूळ सुधारण्याच्या कामाचं वेळापत्रक जाहीर करावं : कोणतं सायडिंग, कोणत्या वर्षी, पैसे कोणाचे. दर सहा महिन्यांनी काय झालं, काय राहिलं ते लिहून कळवावं.

या मार्गाबद्दलची किमान एक सुनावणी न्यूटनमध्ये घ्यावी. संध्याकाळी सहानंतर, स्पॅनिश दुभाष्यासह, आणि विचिटाहून यायला बसची सोय करून. टोपेकात मंगळवारी सकाळी दहाला घेतलेली सुनावणी पगारी माणसासाठी नसते.

आमचं स्टेशन १९३० चं आहे. शेक्सपियरच्या स्ट्रॅटफर्डमधल्या घराच्या धर्तीवर बांधलेलं, उतरत्या छपराचं, लाकडी चौकटींचं. कॅन्ससच्या माळावर असं काही का बांधलं याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही, पण सुंदर आहे. त्यातली प्रतीक्षागृहाची जागा आणि तिकीट खिडकीवरचा माणूस, दोन्ही काढू नयेत. नवीन गाडीसाठी डागडुजीचा पैसा येईल तेव्हा त्यातला काही भाग मेक्सिकन गँगमन कुटुंबांच्या आठवणी, फोटो, पगारपत्रकं गोळा करून तिथेच कायम मांडण्यासाठी ठेवावा. हे काम त्या कुटुंबांच्या हाती द्यावं, बाहेरच्या कंत्राटदाराच्या नाही. ज्यांना मालडब्यांतलं लहानपण आठवतं अशी माणसं आता नव्वदीकडे झुकली आहेत, त्यामुळे याला गाडी सुरू होईपर्यंत थांबू नये. हे याच वर्षी सुरू करता येईल आणि याला बीएनएसएफची परवानगीही लागत नाही.

विचिटा आणि आसपासच्या मराठी वाचकांना एवढंच : आपापल्या जिल्ह्याच्या आमदाराला दोन ओळींची ईमेल पाठवा. नागरिक नसलात तरी पाठवा, कर तुम्हीही भरता.

विधिमंडळाचं पुढचं अधिवेशन जानेवारीत सुरू होईल. अंदाजपत्रकाच्या चर्चेआधी वरच्या प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. उत्तर आलं की तेही याच ठिकाणी जसंच्या तसं प्रसिद्ध करीन.

आपली नम्र,
न्यूटनमधील एक रहिवासी